थर्मामीटर कुठे होता, कधी वाचला, कुणी वाचला?

तापमानाच्या जुन्या नोंदींबद्दल एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, आशय तोच: ‘थर्मामीटर खोटं बोलत नाही, मूळ आकडा हाच पुरावा. हवामान खात्यांनी जुने आकडे मागाहून खाली ओढले आणि तापमानवाढ तयार केली. स्थानकांभोवती डांबर-काँक्रीट आलं, म्हणून नवे आकडे चढे दिसतात. स्थानकांचा मेटाडेटा, म्हणजे उपकरण, जागा, वेळ यांची माहिती, हा नुसता कागदी पसारा. संगणक आणि उपग्रह असताना तो हवाच कशाला?’

हा संदेश पुढे ढकलणारे सगळे खोडसाळ नसतात. नोंदवलेला आकडा कुणी बदलला म्हटलं की शंका येणारच, आणि ती यायलाच हवी. पण मग शंका शेवटपर्यंत न्यायला हवी. तसं केलं की प्रत्येक मुद्दा ज्याला पसारा म्हटलंय त्याच्याच दारात येऊन थांबतो.

‘मूळ आकडा हाच पुरावा.’ लिबियातल्या अल अझीझियाचं उदाहरण घेऊ. 13 सप्टेंबर 1922 रोजी तिथे 58 अंश सेल्सियस तापमान नोंदवलं गेलं आणि जवळजवळ 90 वर्षं ते जगातलं सर्वोच्च तापमान मानलं गेलं. 2012 मध्ये जागतिक हवामान संघटनेने ती नोंद रद्द केली. नुसत्या आकड्याकडे पाहून कुणाला काही कळलं नसतं. तज्ज्ञांनी मूळ नोंदवही मिळवली. त्या दिवसांत नोंदणारा माणूस बदललेला दिसला, आकडे चुकीच्या रकान्यांत पडलेले दिसले. उपकरण बेलानी-सिक्स जातीचं, तेव्हाही जुनं झालेलं. त्यातल्या दर्शक काडीचं खालचं टोक वाचायचं असतं. नवख्या माणसाने वरचं टोक वाचलं तर सुमारे 7 अंशांची चूक होते. शिवाय स्थानकाखालची जमीन डांबरासारखी, आजूबाजूच्या वाळवंटाशी न जुळणारी. उपकरण कोणतं, वाचणारा कोण, खाली जमीन कसली: याचंच नाव मेटाडेटा. आणि इथे त्याने आकडा चढवला नाही, एक फुगलेला विक्रम काढून टाकला.

‘जुने आकडे खाली ओढले.’ हा संदेशाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. अमेरिकेच्या बाबतीत यात तथ्य आहे. तिथल्या जुन्या नोंदी दुरुस्त केल्यावर तापमानवाढीचा कल खरंच वाढतो. कारण मात्र संदेशात कुठेच येत नाही. तिथली बहुतेक निरीक्षणं स्वयंसेवकांनी केली. कमाल-किमान थर्मामीटर मागच्या वाचनापासूनचं सर्वात जास्त आणि सर्वात कमी तापमान धरून ठेवतो; तो दिवसातून एकदा वाचायचा आणि नव्या मोजणीसाठी पुन्हा लावायचा. हे काम संध्याकाळी पाचला केलं तर काय होतं? एखादा दिवस तापलेला असतो, पाचला पारा अजून वरच असतो. थर्मामीटर पुन्हा लावला की पुढच्या 24 तासांचं कमाल तापमान त्या उंचीवरूनच सुरू होतं. दुसरा दिवस थंड गेला तरी कमाल म्हणून आदल्या संध्याकाळचाच आकडा नोंदला जातो. एक उष्ण दिवस दोनदा मोजला जातो. सकाळी सातला वाचलं तर उलट, थंड पहाट दोनदा मोजली जाते. विसाव्या शतकात हळूहळू अनेक निरीक्षक संध्याकाळवरून सकाळवर गेले. हवा बदलली नसती तरी त्या नोंदींत थंडावा शिरलाच असता. कोणत्या स्थानकाने वाचनाची वेळ कधी बदलली, ही नोंद हाताशी असल्यामुळे तो काढता आला.

त्याच देशात 1980 च्या दशकात हजारो ठिकाणी लाकडी जाळीदार पेटीतले काचेचे थर्मामीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक उपकरणं आली. त्यांनी कमाल तापमान सरासरी सुमारे 0.4 अंशांनी कमी दाखवलं आणि किमान सुमारे 0.3 अंशांनी जास्त. उपकरण बदलल्याची तारीख नसेल, तर या उड्या हवामानाच्या नावावर जमा होतात.

संदेशात जगाचा हिशेबही नाही. जुन्या काळी समुद्राचं पाणी बादलीने वर काढून त्याचं तापमान घेत. बाष्पीभवनाने ते वर येईपर्यंत थोडं गार होई. पुढे जहाजाच्या इंजिनाकडे ओढल्या जाणाऱ्या पाण्याचं तापमान घेऊ लागले, ते किंचित जास्त येई. दुरुस्ती करताना जुने समुद्री आकडे वर न्यावे लागतात. परिणामी, जमीन आणि समुद्र एकत्र धरले तर दुरुस्त्यांमुळे गेल्या शतकाहून अधिक काळातली एकूण तापमानवाढ कमी दिसते. आकडे फुगवायचे असते तर हे कुणी केलं नसतं.

‘स्थानकांभोवती काँक्रीट आहे.’ अनेकांभोवती आहे, आणि ही तक्रार रास्त आहे. जागतिक हवामान संघटनेचं जागांचं वर्गीकरणच त्यासाठी आहे. तापमानाच्या पहिल्या वर्गाच्या जागेला उष्णतेचे कृत्रिम स्रोत निदान 100 मीटर दूर लागतात; पाचव्या वर्गात जागेमुळे 5 अंशांपर्यंत चूक धरली जाते. पण अमेरिकेतल्या वाईट जागांच्या स्थानकांचे कल 2010 मध्ये तपासले गेले, तेव्हा त्यांनी देशाची सरासरी तापमानवाढ फुगवल्याचा पुरावा मिळाला नाही. कमाल तापमानात तर चूक उलट, थंडाव्याच्या बाजूची होती. कारण अशा बऱ्याच ठिकाणी तीच नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणं होती. पुढे मोकळ्या, न बदलणाऱ्या जागी, प्रत्येकी तीन तापमापक असलेली संदर्भ स्थानकं उभारली गेली. 2016 मध्ये केलेल्या तुलनेत शेजारच्या जुन्या स्थानकांचे दुरुस्त आकडे या संदर्भ स्थानकांशी मूळ आकड्यांपेक्षा जास्त जुळले.

‘उपग्रह आहेत ना!’ त्यांच्या तापमानाच्या नोंदी 1970 च्या दशकाच्या अखेरीस सुरू होतात आणि वातावरणाच्या जाड थराबद्दल सांगतात, माणसाच्या उंचीवरच्या हवेबद्दल नाही. कक्षा हळूहळू खाली घसरत असल्याने त्या नोंदींत खोटा थंडावा आल्याचं 1998 मध्ये दाखवलं गेलं. उपग्रहाचीही जागा आणि वेळ माहीत असावीच लागते.

संगणकाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण तो या क्षेत्रातली माणसंही मांडतात: शेजारच्या स्थानकांशी तुलना करून गणित उड्या आपोआप शोधतं, मग इतिहास लिहायचा कशाला? एक स्थानक हललं तर हे गणित उत्तम चालतं. पण संपूर्ण जाळ्यातली उपकरणं एकाच हंगामात बदलली तर सगळे शेजारी एकदम उडी मारतात आणि तुलनेला कुणी उरत नाही. स्वयंचलित स्थानकांकडे जाताना नेमकं हेच घडू शकतं.

तेव्हा जुनं आणि नवं उपकरण निदान एक वर्ष, जमल्यास दोन, शेजारी-शेजारी चालवायचं. स्थानकाच्या नोंदीतल्या जुन्या ओळीवर नवी माहिती चढवायची नाही. प्रत्येक बदलाला सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यायची. अक्षांश-रेखांश दोन दशांश स्थळांपर्यंतच लिहिले तर जागा अर्ध्या किलोमीटरहून जास्त चुकू शकते. डोंगराळ भागात तेवढ्यात उंची 100 मीटरने बदलते आणि तापमान अर्ध्या अंशाहून जास्त. झाडाची वाढ, नवी भिंत, पेटीचा रंग, तापमापक शेवटचा कधी तपासला, चारही दिशांचे फोटो: हे सगळं तारखेसकट हवं. हवामान निरीक्षणाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मेटाडेटाला मूळ नोंदींइतकंच जपायला सांगतात.

आकडे का बदलले, असं एखाद्या खात्याला विचारायचं असेल तर जरूर विचारा. त्याबरोबर मूळ आकडे, दुरुस्त आकडे आणि त्या स्थानकाच्या बदलांची तारीखवार यादी, तिन्ही मागा. यादीच नसेल, तर तक्रार त्याबद्दल करा.