गिधाडांवरच्या लेखावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गिधाडांसारखी माणसाचीही जात संपू शकते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आपली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, आज नको. म्हणून दोन दिवस गेले.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की डायक्लोफेनॅक या जनावरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधावरच्या बंदीचं साल मी चुकवलं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, आठशे कोटी माणसं जगभर पसरली आहेत आणि माणूस हुशार असल्यामुळे तो मार्ग काढतोच. आणि शेवटी, 'पुण्यात फ्लॅटमध्ये बसून लोकांना घाबरवणं सोपं असतं. दुष्काळ कधी पाहिलाय का?'

सालाची चूक मान्य. २००४ साली त्या औषधानेच गिधाडं मरतात हे सिद्ध झालं आणि जनावरांना ते देण्यावर आपल्याकडे बंदी आली २००६ मध्ये. मी दोन्ही एकच धरलं. मूळ लेखात दुरुस्त केलं आहे, आभारी आहे.

आता ते शेवटचं वाक्य. माझा जन्म पारनेर तालुक्यातला, १९६१ चा. ७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, मी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तिथेच बसायचो. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी खाल्ली आहे, सुकडीसाठी रांगेत उभा राहिलो आहे. त्यामुळे दुष्काळ पाहिलाय का, हे मला विचारायचं काही कारण नव्हतं. विचारायचंच होतं, तर निदान स्वतःच्या नावाने विचारायचं. आपण नावही लिहिलेलं नाही. तीस वर्षं खेड्यातल्या शाळेत शिकवून, निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला आलो म्हणून मी एका रात्रीत 'फ्लॅटमधला' झालो का?

त्याच वर्षी आमचा पवळ्या बैल गेला. चारा नव्हता, छावणीपर्यंत चालवत नेण्याइतकाही तो उरला नव्हता. बाबांनी आणि चुलत्यांनी त्याला दोराने ओढत माळावर नेऊन टाकलं. मी मागे मागे गेलो, कुणी हटकलं नाही. आभाळ मोकळं होतं. थोड्या वेळाने एक ठिपका दिसला, मग चार, मग मोजता येईनात. उतरताना पंखांचा आवाज असा, की कुणी भलंमोठं सूप जोरात पाखडतंय. माना पोटात खुपसून, एकमेकांना ढकलत, फिस्कारत त्यांनी काम सुरू केलं. दुपारी पुन्हा गेलो तेव्हा फासळ्या उरल्या होत्या, घाण वासही नव्हता. बाबा रडले नाहीत. 'सुटला' एवढंच म्हणाले. बैलाचं असं होणं हे त्यांच्या हिशेबात रीतसर होतं, गिधाडं त्या रीतीचाच भाग होती. आज त्या माळावर मेलेलं जनावर टाकलं तर कुत्री येतात.

हे मी सहानुभूती मिळावी म्हणून सांगत नाही. 'ती इतकी आहेत, ती कुठे जाणार' असं त्या माळावर उभं राहून कुणालाही वाटलं असतं, मलाही वाटत होतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड जगातल्या सर्वांत जास्त संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानलं जायचं. नव्वदच्या दशकात राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात पक्षीशास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांना त्यांची घरटी रिकामी दिसू लागली. २००७ पर्यंत भारतात हजारातलं जेमतेम एक उरलं. कुणी त्यांची शिकार केली नव्हती. लंगडणाऱ्या बैलाची, ताप आलेल्या गाईची वेदना कमी व्हावी म्हणून दिलेलं स्वस्त इंजेक्शन, बस. शंभरातल्या एकाहूनही कमी मढ्यांत ते औषध असलं तरी पुरेसं होतं, कारण एका मढ्यावर डझनांनी पक्षी जेवतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. मूत्रपिंडं निकामी व्हायची, शवविच्छेदनात आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर सापडायचा. कारण कळेपर्यंत दहा-बारा वर्षं गेली, आणि तोवर बहुतेक पक्षी संपले होते.

माझा लेख एवढंच म्हणत होता. गर्दी म्हणजे सुरक्षितता नव्हे, आणि घाव कुठून येईल हे घाव बसेपर्यंत कळतंच असं नाही.

'माणूस हुशार आहे' याबद्दल. निअँडरथल, म्हणजे माणसाचीच एक जुनी, नष्ट झालेली जात, तेही हुशार होते. त्यांचा मेंदू आपल्याइतकाच मोठा होता, ते विस्तव वापरत, मेलेल्याला पुरत. साधारण ४० हजार वर्षांपूर्वी ते संपले. आपली जात आहे जेमतेम तीन लाख वर्षांची. ज्या सह्याद्रीच्या काळ्या कातळावर आपण घरं बांधतो, त्याचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत होता तेव्हाच डायनासोर गेले. मेक्सिकोत पडलेली उल्का त्याला मुख्य कारण, की आपल्या लाव्ह्याचाही त्यात हात होता, यावर अजून वाद चालू आहे. त्यांनी पंधरा कोटी वर्षांहून जास्त काढली होती. आपल्यासाठी वेगळा नियम का असावा, ते आपण लिहिलेलं नाही. 'माणूस म्हणजे गिधाड नव्हे' हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यात मला ठामपणा सापडला, कारण सापडलं नाही.

माणूस कुठल्या एकाच अन्नावर जगत नाही, सगळ्या हवामानांत राहतो, म्हणून ही तुलनाच चुकीची, असंही आपण ओझरतं म्हटलं आहे. असेल. त्यावर पुन्हा कधीतरी. मंगळावरच्या वस्तीचाही आपण उल्लेख केला आहे, पण तिच्याबद्दल मी लेखात काही लिहिलेलंच नव्हतं, तेव्हा त्याचं उत्तर देणं लागत नाही.

आणि 'घाबरवणं'. तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं, घाबरवून एकही धडा पुढे गेला नाही, हे मला नव्याने सांगायला नको. पण जे डोळ्यांदेखत रिकामं झालं ते रिकामं झालं म्हणून सांगायचंच नाही, असं आपलं म्हणणं असेल तर ते मला मान्य नाही आणि होणारही नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती लेखाखाली राहील. सालाची दुरुस्ती मी केली. 'फ्लॅट'वालं वाक्य आपण मागे घ्यावं, एवढी अपेक्षा आहे.