पंचनाम्याखालची मराठी सही

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या पडवीत आठवड्यातून दोन-तीनदा तरी कोणी ना कोणी पोलिसांचा किंवा कोर्टाचा कागद घेऊन येते. "गुरुजी, यात काय लिवलंय तेवढं वाचून सांगा की," एवढीच विनंती असते. या लोकांना कन्नड बोलता येते, बाजारात, बसमध्ये, पंचायतीत त्यांचे काही अडत नाही. परंतु कन्नड लिपीतला सरकारी कागद वाचणे ही निराळी गोष्ट आहे. गुन्हा, शिक्षा आणि न्याय यांवर आपण जेव्हा बोलतो, तेव्हा या कागदाचा विचार फारसा होत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याला पाण्याच्या मोटारीच्या चोरीत पंच म्हणून बोलावले होते. मोटार त्याने स्वतः पाहिली होती. ती विहिरीजवळच्या बांधाआड, पालापाचोळ्याखाली ठेवलेली होती. कागद तयार झाला, "इथे सही करा" असे सांगण्यात आले आणि त्याने केली. पुढे खटला उभा राहिला तेव्हा समन्स हातात पडल्यावर तो पंचनाम्याची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आला. वर दीड पान गोलसर कन्नड अक्षरे आणि तळाशी त्याची एकेक अक्षर जपून काढलेली मराठी सही, शेवटच्या अक्षराखाली ओढलेल्या रेघेसकट. मी वाचू लागलो आणि दुसऱ्याच परिच्छेदाशी थांबलो. त्यात मोटार आरोपीच्या घरामागील गोठ्यातून काढल्याचे लिहिले होते. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

साक्षीच्या दिवशी त्याने जे पाहिले तेच सांगितले. सही त्याची असल्याचे त्याने कबूल केले, पण मजकूर नाकारला, आणि सरकारी पक्षाने त्याला फितूर ठरवून त्याची उलटतपासणी घेतली. आयुष्यात एकदाही कोर्टाची पायरी न चढलेला, कोणाचा एक पैसा न घेतलेला तो माणूस भर कोर्टात फितूर ठरला, ही गोष्ट त्याच्या मनाला आजही लागून राहिली आहे. आरोपी सुटला. तो निर्दोष होता की नाही हे आता कोणालाच कळणार नाही, कारण मोटार कोणी नेली या प्रश्नापर्यंत खटला पोहोचलाच नाही. ज्याची मोटार गेली होती त्या शेतकऱ्याचेही नुकसानच झाले, आणि नेमके हेच मला ठासून सांगायचे आहे: न समजणाऱ्या भाषेतला कागद आरोपीवर तर अन्याय करतोच, पण ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचाही घात करतो.

कायद्याला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. न्यायालयाची भाषा राज्य सरकार ठरवते आणि आमच्याकडे ती कन्नड आहे. परंतु आरोपीसमोर त्याला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेत भर न्यायालयात उलगडून सांगावी, अशी तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. साक्षीदाराने दिलेली साक्ष त्याला न समजणाऱ्या वेगळ्या भाषेत लिहून घेतली असेल, तर ती त्याला समजेल अशा भाषेत उलगडून सांगितली जाण्याचा अधिकार त्यालाही आहे. मात्र या अधिकाराची माहिती असलेला एकही साक्षीदार मला आजवर भेटलेला नाही. प्रत्यक्षात मागितल्याशिवाय मिळत नाही आणि माहीत नसल्याने मागितले जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने तर १९६२ मध्येच महाराष्ट्रातील एका स्थानबद्धाच्या, म्हणजे खटल्याविना कोठडीत ठेवलेल्या माणसाच्या, प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला होता. इंग्रजी न येणाऱ्या त्या माणसाला स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी हिंदीत सांगितली, हे पुरेसे नाही, असे ठरवून न्यायालयाने ती स्थानबद्धता रद्द केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले: कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्या व्यक्तीला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत. अटकेच्या कारणांना जो न्याय लागू, तो त्याच माणसाच्या चार्जशीटला आणि पंचनाम्याला का लागू नसावा, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आज मराठी आणि कन्नड दोन्हींत भाषांतरित होतात. गावातल्या माणसाचे वीस पानी चार्जशीट मात्र होत नाही.

यावर मला नेहमी ऐकवले जाते की, कर्नाटकात जन्मलात, मग कन्नड शिका. शिकावे, अवश्य शिकावे. मी शिकलो आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही तेच सांगत आलो. परंतु पोलिसी कन्नड ही कन्नड शाळेत शिकलेल्या मुलालाही धड कळत नाही, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि भाषा न शिकणे हा काही तुरुंगवासाचा गुन्हा नव्हे. शिवाय हे केवळ मराठी माणसाचे गाऱ्हाणे नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतील कन्नड शेतकऱ्याच्या हाती मराठी पंचनामा पडतो तेव्हा त्याची अवस्था आमच्यासारखीच होते, आणि त्याच्यासाठीही मी हेच मागेन. न्यायालयाची भाषा कन्नड असण्याला माझा विरोध नाही. सीमाभागातील प्रत्येक तालुका न्यायालयात दुभाषांची यादी असावी, चार्जशीटसोबत आरोपीच्या भाषेतील प्रत द्यावी आणि पंचाची सही घेण्यापूर्वी मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवावा, एवढेच माझे म्हणणे आहे. नव्या संहितेनुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले आहे. त्याच चित्रीकरणात हे वाचनही येऊ द्या; मग पंच खोटा की कागद खोटा, हे कोणालाही पाहता येईल.

सध्या माझ्या टेबलावर माझ्याच एका माजी विद्यार्थ्याचे चार्जशीट आहे. सेंट्रिंगचे काम करणारा मुलगा, बांधावरून झालेली हाणामारी, समोरच्याचे हाड मोडलेले. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल, आणि जखमी माणसाला न्याय मिळायलाच हवा. पण जामीन मंजूर होऊनही मुलगा आत आहे, कारण जामीनदार म्हणून उभा राहिलेला त्याचा मामा चंदगडचा. सातबारा महाराष्ट्राचा, तो चालणार नाही, इथला उतारा आणा, असे सांगून त्याला परत पाठवले. जामीनदाराची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारणे चुकीचे आहे, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मध्य प्रदेशातील एका गवंड्याच्या प्रकरणात १९७८ मध्येच लिहून ठेवले आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागायचा आहे असे लोक होते. माझा विद्यार्थी आज त्यांच्यातलाच एक आहे.

त्याची आई शनिवारी हिंडलगा जेलमध्ये भेटीला जाणार आहे. आपल्यावर नेमके काय लिहिले आहे, हे त्याने तिच्याकडे दोनदा विचारले. एकवीस पानांपैकी चौदा पानांचे मराठी मी वहीत उतरवले आहे. या प्रतीला कोर्टात किंमत नाही हे तिला सांगितले आहे. उरलेली सात पाने शुक्रवारी रात्रीपर्यंत पुरी करायची आहेत.