टर्बो गेला असेल!

टर्बोवाली गाडी बंद पडली की जगातला प्रत्येक माणूस एकच निदान करतो: "टर्बो गेला असेल." ज्याला टर्बो गाडीत कुठे असतो हे ठाऊक नाही, तोसुद्धा हे इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणतो की आपल्यालाच सुतक आल्यासारखं वाटावं. दोष त्या माणसाचा नाही. गाडीच्या पाठीवर ठळक अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं असतं आणि माणूस जे वाचतो तेच मोडलंय असं धरून चालतो. पाठीवर 'ॲशट्रे' लिहिलं असतं तर ॲशट्रे गेला असता.

माझी साब ९०० टर्बो १९८७ची आहे. गोथेनबर्गला नोकरीसाठी आलेल्या बाकीच्या मराठी मंडळींनी आपापल्या शहाणपणाप्रमाणे नव्या गाड्या घेतल्या, मी ही घेतली. स्वीडनमध्ये ३० वर्षांपुढच्या गाडीला वाहनकर लागत नाही, हा मुद्दा मी घरी मांडला होता. बायकोने तो मान्यही केला. वाचलेल्या करात आजवर काय काय बसवलं हा प्रश्न तिने अजून काढलेला नाही, आणि मी तो काढणार नाही.

गाडी बनवली ट्रोलहेटनमध्ये, इथून ७५-एक किलोमीटरवर. बनवणाऱ्यांनी जगाची रीत एकेक करून नाकारली आहे. बॉनेट पुढे सरकतं आणि पुढच्याच बाजूला कलंडून उघडतं. इंजिन उलटं बसवलंय, क्लच रेडिएटरकडे, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली. किल्ली स्टिअरिंगजवळ नाही, दोन सीटांच्या मधे, जमिनीलगत. आणि रिव्हर्स टाकल्याशिवाय ती निघतच नाही. टर्बोच्या काट्याला आकडे नाहीत, नुसते पांढरा, पिवळा आणि लाल असे पट्टे. काटा पिवळ्यात सरकला की माणूस पोरकट हसतो. मीही हसतो.

तर ही गाडी थंडीभर नीट चालली आणि ऊन पडू लागल्यावर बंद पडू लागली. ई४५ रस्त्यावर, डावीकडे गोता नदी, मागे लांबच लांब ट्रक, आणि इंजिन गप्प. आचके नाहीत, धूर नाही, तक्रार नाही. कडेला लावून अर्धा तास बसलं की पहिल्या सेल्फला चालू. हा अर्धा तास गाडी ओढून नेणाऱ्या माणसाला पोचायलाही बरोबर पुरतो. तो उतरतो, किल्लीसाठी हात पुढे करतो. मग मी त्याला समजावतो की किल्ली काढायची तर रिव्हर्स टाकावा लागेल, आणि काढली की गिअर तिथेच कुलूपबंद होईल, मग चाकं फिरणार नाहीत, म्हणून किल्ली आतच राहू दे. तो ऐकून घेतो, आत बसतो, किल्ली फिरवतो, गाडी चालू होते. त्यानंतर तो माझ्याकडे ज्या नजरेने बघतो तिचं वर्णन करणारा शब्द स्वीडिशमध्ये असेल, मला अजून कुणी शिकवलेला नाही. जाता जाता म्हणतो, "टर्बो असेल."

गॅरेजवालाही तेच म्हणाला, पण कोटेशनसकट. मी म्हटलं, अहो, टर्बो गेला तर निळा धूर निघेल, शिट्टी वाजेल, ताकद जाईल. इंजिन बंद कशाला पडेल? टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर मिनिटाला लाखभर फेरे घेणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. तो मेला तर गाडी साध्या गाडीसारखी रडतखडत चालेल, पण चालेल. शिवाय बंद पडताना मी आरपीएमच्या काट्याकडे बघितलं होतं. इग्निशन गेलं तर चाकं इंजिनाला फिरवत असतानाही तो काटा धपकन शून्यावर पडतो. माझा हळूहळू उतरला होता. म्हणजे ठिणगी आहे, पेट्रोल नाही. मग पेट्रोल चढवणाऱ्या पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट सोडणारा स्विच, बघा.

त्याने रिले काढला, बॅटरी लावली. 'टक्'. पुन्हा लावली. 'टक्'. "रिले उत्तम आहे," असं म्हणून त्याने टर्बोचं कोटेशन माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल. बाबांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढली आहेत, आणि निवृत्तीनंतर पुतण्यांच्या बायकांची मिक्सरंसुद्धा ते कानानेच तपासतात.

"आवाज ऐकव."

"बाबा, बंद पडते. कसला आवाज ऐकवू?"

"टक् वाजतो म्हणालास ना? तो ऐकव." मी ऐकवला. "हा कॉइलचा आवाज. करंट पुढं गेला का, ते कुठं बघितलं त्यानं? आणि थंड असताना कशाला बघायचं? तापल्यावर बघ. वाटेत अडकलास तर रिले काढून वायर डायरेक्ट मार आणि घरला जा."

इथे रिलेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी मेख त्या 'टक्'मध्ये होती. रिले म्हणजे साहेबांच्या केबिनबाहेरचा शिपाई. साहेबांनी घंटी वाजवायची, म्हणजे ८५ आणि ८६ या पायांना चिमूटभर करंट द्यायचा. आतली कॉइल चुंबक होते, पट्टी खेचते, आणि ३० कडून ८७ कडे मोठा करंट, म्हणजे फाइल, जाते. (पायांचे हे आकडे जर्मन मानकातले. ३० म्हणजे बॅटरी. १ ते ४ असे सोपे आकडे का नाहीत, हे जर्मनांना विचारायची सोय नसते.) माझा शिपाई घंटी वाजली की तत्परतेने उभा राहत होता, टक् असा पाय आपटत होता, आणि फाइल टेबलावरच. ऑफिसातला निम्मा कारभार असाच चालतो, हे आपल्या लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या वेळी बंद पडली तेव्हा तयारीत होतो. बॉनेट पुढे ढकललं, रिले उपटला, सॉकेटमध्ये ३० आणि ८७ च्या जागी फ्यूज लावलेली वायर खोचली. मागे डिकीखाली पंप गुणगुणू लागला. सेल्फ मारला, चालू! गाडी ओढणाऱ्याला फोन करून येऊ नका म्हटलं. तो खूश झाल्याचं ऐकू आलं. घरापर्यंत तशीच आणली, पण कायम अशी ठेवायची नसते. इंजिन थांबलं की पंपही थांबावा, अपघातात पेट्रोल सांडत राहू नये, ही जबाबदारीही त्या शिपायाचीच. वायरला एवढी अक्कल नसते.

घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोगशाळा मांडली. रिले प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधी फ्रीजरमध्ये, खोवलेल्या नारळाशेजारी. मग बाहेर काढून ८५-८६ ला बारा व्होल्ट, ३०-८७ ला मल्टीमीटर. टक्, आणि मीटरची पीऽऽ, म्हणजे वाट जोडलेली. उत्तम. मग बायकोचा हेअर ड्रायर पूर्ण झोतात. पीऽऽ... पी... पी. गप्प. ड्रायर बंद केला, थोड्या वेळाने पुन्हा पीऽऽ. इतका निर्मळ आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"काय चाललंय?" बायको दारात.

"रिले तापवतोय."

"माझ्या ड्रायरने."

"तापल्यावर तुटतो, बघ, आता पुन्हा..."

"आणि नारळाला पेट्रोलचा वास का येतोय?"

पेट्रोलचा वास माझ्या हाताला होता, रिलेला नव्हता. हे शास्त्रीय स्पष्टीकरण अपुरं पडलं.

शेजारचे आजोबा एव्हाना कुंपणापाशी आले होते. स्वीडिश शेजारी सहसा डोकावत नाही. पण हे ट्रोलहेटनच्या कारखान्यात होते, आणि तो कारखाना २०११ मध्ये कंपनीसोबत बुडाल्यापासून या भागातली प्रत्येक साब ते आपली नात असल्यासारखी बघतात. मी रिलेचं झाकण पातळ स्क्रूड्रायव्हरने उचकटून आतली पट्टी त्यांना दाखवली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "याहा," म्हणजे "अस्सं." तेवढंच. भिंग माझ्या हातात दिलं. ३० नंबरच्या पायाभोवती डागाला, म्हणजे कथलाच्या जोडाला, केसाएवढी गोल चीर पडली होती. तापलं की धातू प्रसरण पावतो, चीर उघडते. गार झालं की मिटते. जवळपास चाळीस वर्षं इंजिनाच्या धगीत राहिल्यावर कुणाचाही डाग सुटेल, त्यात कंपनीला बोल लावण्यासारखं काही नाही.

जुनं कथील शोषून काढलं, पाय घासून लखलखीत केला, नवीन कथील लावलं. कामाला मिनिटं लागली, त्यापेक्षा जास्त वेळ सोल्डरिंग आयर्न शोधण्यात गेला. मग ड्रायर पुन्हा पूर्ण झोतात (आता परवानगीने, आणि नवीन ड्रायरच्या अटीवर). पीऽऽऽ, अखंड. ट्रोलहेटनपर्यंत आणि परत, भर उन्हात, काटा शक्य तितका पिवळ्यात. कुठेही थांबली नाही.

सोमवारी गॅरेजवाल्याचा फोन आला. कोटेशनची मुदत संपत आलीये, टर्बो मागवू का?

म्हटलं, गरज नाही, डाग सुटला होता. रिलेचा. डाग लावला, चालू झाली.

तो क्षणभर थांबला. "छान," म्हणाला, "पण डाग सुटला कशाने? उष्णतेने. आणि उष्णता कुठून येते?"

मी काहीच बोललो नाही.

"टर्बोतून," तो म्हणाला. "मागवू का?"