‘तुमच्याकडे पाणी किती चढलं होतं?’

12 जुलैच्या निमित्तानं मी आमच्या आजेसासूबाईंच्या 1961च्या पानशेत पुराच्या आठवणी लिहिल्या होत्या. त्यावर उमरग्याकडच्या एका वाचकांनी चांगलंच झापलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘ताई, पुण्यात पाणी शिरलं की ती महाराष्ट्राची सर्वांत मोठी आपत्ती, आणि किल्लारीच्या भूकंपात आमची हजारो माणसं मातीच्या माळवदाखाली गेली ती फक्त लातूरची बातमी? तुमचा पूर तर माणसांच्या चुकीनं आला. त्याचं तुम्ही लोणचं घालून बरणीत ठेवलंय. पुणेकरांनी आम्हाला जुने कपडे पाठवले, एवढीच तुमची आठवण.’

‘प्रतिक्रियेबद्दल आभार’ लिहून मोकळं होता आलं असतं. पण यातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना.

आधी चूक कबूल करते. ‘सर्वांत मोठी आपत्ती’ हे मी लिहायला नको होतं. पानशेतच्या बळींचा आकडा साधारण हजाराच्या आसपास सांगतात. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे तीन छप्पन्नला तुमच्याकडे जे झालं, त्यात जवळजवळ आठ हजार माणसं गेली. ते शब्द काढून टाकलेत. तो शब्दप्रयोग माझा नव्हताच, आजेसासूबाईंचा होता. घरात वीस वर्षं ऐकून ऐकून तो माझ्या तोंडी बसला होता, हे तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कारण मी पुण्याची नाहीच. माहेर अलिबाग तालुक्यातलं. लहानपणी आमच्या घरी बुडाली ती रामदास बोट. 17 जुलै 1947, मुंबईहून रेवसला निघालेली, सहाशेहून जास्त माणसं गेली. माझी आजी त्यानंतर पावसाळ्यात कधी लाँचनं मुंबईला गेली नाही. पनवेलवरून, एसटीचे धक्के खात जायची. लग्न होऊन नारायण पेठेत आले तेव्हा ‘रामदास’ म्हटल्यावर सासरच्यांना समर्थ आठवले. आणि मला वर्षभरात पूर पाठ झाला. सुनेला सासरचं आडनाव मिळतं, कुळाचार मिळतात, तसा सासरचा पूरही पदरात पडतो. कुठल्या फडताळाच्या कितव्या खणापर्यंत गाळ होता हे मी आता पाहुण्यांना असं दाखवते, की मी तेव्हा तिथे उभी होते असं वाटावं.

ते फडताळ अजून आहे. दुसऱ्या खणाच्या वर लाकडाचा रंग बदलतो, तिथे एक काळपट रेघ आहे. तीनदा रंग दिला तरी पावसाळ्यात वर येते. आजेसासूबाई तळमजल्यावर गव्हाचं पोतं ठेवू द्यायच्या नाहीत. घरातल्या कुठल्याही वस्तूचं वय त्या दोनच प्रकारे सांगायच्या: पुराच्या आधीची आणि पुरानंतरची.

‘माणसांच्या चुकीनं’ हे तुमचं बरोबर आहे. पानशेतचं मातीचं धरण पुरं झालेलं नव्हतं, दरवाजांचं काम अपुरं असताना पाणी अडवलं. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरलं, म्हणून फुटलं ते सकाळी. दुपारी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं. चौकशी आयोग नेमला, न्यायमूर्ती बावडेकर गेल्यावर काम न्यायमूर्ती नाईकांकडे आलं. हे सगळं मला वाचून कळलं. घरात कुणी ‘दरवाजे’ हा शब्द काढलेला मी ऐकला नाही. घरात ऐकलं ते कुणाची शिवणयंत्रं वाहून गेली, आणि गच्चीवर कुणी कुणाला गूळ-पोहे दिले. तुम्ही याला लोणचं म्हणालात. असेल. पण राग धरायला तरी हाताशी काही लागतं. आमच्या लोकांच्या हाताशी गाळ होता. तो महिनाभर उपसला आणि त्यातच राग संपला असावा.

आणि ‘पुणेकर’ म्हणून जे तुम्ही एका दावणीला बांधलेत, त्यांचाही पूर एक नाही. वाड्याच्या मालकांच्या घरी ‘आमचा वाडा गेला’ असं सांगतात. त्याच वाड्यात दोन खोल्यांत राहणाऱ्या भाडेकरूंची नातवंडं पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरला भेटली, ती म्हणतात, ‘पुरानं आम्हाला घर दिलं.’ कॅम्पातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या घरी पुराची आठवण म्हणजे ‘नळाला पाणी नव्हतं’ एवढीच. धरणासाठी ज्यांची गावं उठली, ते लोक तर आमच्या गोष्टीत कधी आलेच नाहीत. तुम्ही किल्लारीचं विचारलंत. धरणाच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याकडच्या एखाद्यानं हेच विचारलं असतं तर माझी याहून पंचाईत झाली असती.

आता जुने कपडे.

1993 साली मी पुण्यात हॉस्टेलला होते. आदल्या रात्री लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणूक बघून पहाटे पहाटे खोलीवर आलो आणि झोपलो. तुमच्याकडेही लोक गणपती बोळवूनच झोपले होते. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवर पोती भरली. मी एक स्वेटर दिला आणि एक सॅटिनचा फ्रॉक. आखूड झालेला, टिकल्यांचा. वीस वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही.

मग धाकट्या दिरांचं लग्न झालं. जाऊ उमरगा तालुक्यातली, पुनर्वसन झालेल्या बावन्न गावांपैकी एका गावची. भूकंपात ती सहा वर्षांची होती. आमच्याकडे 12 जुलैला जेवणं झाली की पूर निघतोच. ती ऐकत बसायची, कधी काही बोलली नाही. एकदा आजेसासूबाईंनी, तेव्हा नव्वदीच्या होत्या, तिला मायेनं विचारलं, ‘तुमच्याकडे पाणी किती चढलं होतं गं?’

‘पाणी नव्हतं, आजी. घरच खाली आलं.’

त्या रात्री ओट्याशी भांडी पुसताना ती पहिल्यांदा बोलली. माळवद म्हणजे काय हे मला तिनं सांगितलं. दरवर्षी पावसाच्या तोंडावर वर पांढरी माती टाकायची, थरावर थर. घर उन्हाळ्यात गार राहावं, पावसात गळू नये म्हणून. वडिलांनी त्या वर्षीही टाकली होती. आदल्या वर्षी, 1992च्या ऑक्टोबरपासून, हादरे बसतच होते. लोक गाव हलवा म्हणून मागणी करत होते. पुढची दोन वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये झोपली. नवं घर मिळाल्यावरही तिची आई अंगणातच अंथरूण टाकायची. आमच्या घरी जाऊबाई आतून कडी लावत नाही, दार लोटून घेते, आणि पलंगाच्या वरच्या फळीवर काही ठेवू देत नाही. मला वाटायचं टापटीप आहे.

कपड्यांचं मीच विचारलं. ती म्हणाली, रस्त्याच्या कडेला ढीग होते. बायकांनी त्यातल्या नऊवारी तेवढ्या वेचल्या. फ्रॉकांची पोरींनी बाहुल्यांसाठी चिंध्या केल्या. हे सांगताना ती हसली. मी हसू शकले नाही.

तेव्हा तुमचा तिसरा, जुन्या कपड्यांचा आरोप मी खोडत नाही. एवढंच म्हणते की आम्ही रेघ दाखवू शकतो, कारण रेघ ज्या भिंतीवर आहे ती भिंत उभी आहे. तुमच्याकडे भिंतच राहिली नाही. सरकारी स्मारकाशी 30 सप्टेंबरला पोलीस हवेत गोळीबार करून मानवंदना देतात, पण तिच्या बापाचं दार कुठे होतं हे जाऊला बाभळींच्या अंदाजानं शोधावं लागतं.

तुमची प्रतिक्रिया मी तिला पाठवली होती. नाव-गाव काही न बघता तिनं लिहिलं, ‘माळवद म्हणालेत. आमच्याकडचेच आहेत.’ आणि मग दुसरा मेसेज: ‘गाव कुठलं विचारा. नवं नाही, जुनं. आणि घर कुठल्या गल्लीत होतं तेही.’