पटाले जायचा रस्ता सगळेच सांगतात

दिवाळीनंतरच्या मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सरत आले की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, पत्रकं फिरायला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाला दोनचार तरी येतात. पहिलं बक्षीस किती, रात्री नाटक कोणतं, उद्घाटनाला कोण येणार, सगळं ठळक अक्षरात. गावात शिरायचं कुठून आणि गाडी लावायची कुठे, याची एक ओळ नसते. खाली 'समस्त गावकरी' लिहिलं की झालं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातला धानवाला शेतकरी. लहानपणापासून पट पाहतोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. पटाला जायचं तर आधी परतीचा रस्ता ठरवा. जायला काय, पाच किलोमीटरवरून भोंगा ऐकू येतो, त्या आवाजाच्या मागे कोणीही पोचते.

खरी गंमत गाडी लावण्यात आहे. धान कापलेल्या मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांमध्ये, गाड्या लावतात. जो सकाळी लवकर येतो त्याला पोरं शिट्या मारमारून पार आत धाडतात. मग त्याच्या मागे दुसरी रांग, तिसरी रांग, वरून खाचरांच्या पाळ्या, म्हणजे मातीचे बांध, आडव्या. म्हणजे सगळ्यात आधी आलेला सगळ्यात शेवटी निघतो! त्यात शेजारच्याने उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यासाठी (रोपांसाठी) पाणी सोडलं असेल तर ते पाझरून इकडे येतं आणि संध्याकाळी कार काढायला ट्रॅक्टर शोधावा लागतो. मी स्वतः एकदा दोरखंड मागत फिरलोय, म्हणून सांगतो. तेव्हापासून गाडी गावाबाहेर, आपल्या घराकडच्या बाजूला, तोंड रस्त्याकडे करून लावतो. अर्धा कोस चालावं लागलं तरी चालेल. सोबतचे चिडवतात, "काऊन भाऊ, पट पाहाले आले का पळून जाले?"

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. लोक बंडी जुंपून, शिदोरी बांधून यायचे. बैल सोडला, बंडीखालीच सावली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा कायम ठेवला. या मधल्या वर्षांत आमच्या गावातल्या बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या आणि दारोदार मोटरसायकल आली. पट परत आला तो जुन्याच मैदानावर, जुन्याच पांदणीने. समितीच्या बैठकीत मी बसलोय. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, जनावरांचा डॉक्टर, बैलांचं पाणी, यावर तासभर चर्चा होते आणि ती व्हायलाच पाहिजे. पण माणसांच्या रस्त्याचा विषय काढला की उत्तर एकच, "येतेत ना लोकं, दरवर्षी येतेत."

मुंबईतला माझा साळा महालक्ष्मीला घोड्यांची डर्बी पाहायला जातो. फेब्रुवारीतला पहिला रविवार, २४०० मीटरची शर्यत, आणि लोकलचं स्टेशन रेसकोर्सला लागूनच. त्याला घोर एकच, रविवारचा मेगाब्लॉक. मी म्हटलं, जावईबुवांच्या गावी या एकदा, तुमचा घोडा बरा वाटेल.

कारण आमचा पट संध्याकाळी संपत नाही. बैल थांबले की नाटक. वडशाच्या, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या, नाटक कंपनीचं नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. एसटी तोवर कुठली? २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे बहिणी, आत्या, मावश्या सगळ्या दुपारच्या गाडीने उभ्या उभ्या येतात. येतात खऱ्या, पण परतीची शेवटची गाडी पडदा उघडायच्या आधीच गेलेली असते. मग कोणाच्या पिकअपमध्ये, कोणाच्या ट्रॅक्टरवर. एखादं जादा वाहन पहाटेचं ठेवावं म्हणून किती गावांनी आगाराकडे अर्ज केला असेल? आमच्या गावाने तरी केला नाही, आणि त्यात मीही आलोच.

पहाटे तीनला दुचाकीवर जंगलच्या रस्त्याने निघणाऱ्या पोरांना तर हात जोडून सांगतो, नका निघू. ब्रह्मपुरीकडे वाघ आहेत हे सांगायला मी कशाला पाहिजे? एका वर्षी 'जवळचा रस्ता' म्हणून मी नि माझा मित्र तसेच निघालो आणि मधातच पंक्चर. धुकं एवढं की स्वतःच्या गाडीचा हेडलाइट दिसेना. दोघं पाठीला पाठ लावून बसलो, एकाने इकडे पाहायचं, एकाने तिकडे. दुधाची गाडी आली तेव्हा उजाडलं होतं. तेवढ्यात नाटकाचा शेवटचा अंकही पाहून झाला असता.

मोबाइलच्या नकाशावर विसंबणाऱ्यांची तर वेगळीच कथा. माझा भाचा नागपूरला नोकरीला आहे. त्याला तळेगाव दशासरचा पट पाहायचा होता. ते अमरावती जिल्ह्यात, धामणगाव रेल्वे तालुक्यात. पठ्ठ्याने नुसतं 'तळेगाव' टाकलं आणि अमरावती रोडने सुटला. दुपारी फोन, "मामाजी, तळेगावात उभा हावो, पट कुठीच दिसत नाही!" उभा होता वर्धा जिल्ह्यातल्या, आष्टी तालुक्यातल्या तळेगावात. बरं, तिवसा तालुक्यात तळेगाव ठाकूर आहे ते वेगळंच. कोणा चहावाल्याला विचारलं असतं तरी भागलं असतं.

येत्या रविवारी आमच्या बाजूच्या गावात पट आहे. भाच्याने काल मेसेज केला, "लोकेशन पाठवा." मी लिहिलं, लोकेशन नको. त्या गावचा बाजारही त्याच दिवशी आहे, चौकातून येऊ नको. नहराच्या (कालव्याच्या) पुलापाशी थांब, मी घ्यायला येतो. आणि चादर आण सोबत, सकाळीच निघू.