हलगी तापवायची कुठं?

हलगी घेऊन नाव काढायला मी कोल्हापूरकडून पुण्यात आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात कळलं, इथं सगळं मिळतं, जाळ तेवढा मिळत नाही.

लोखंडी कडं आणि त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, एवढीच हलगी. हवेत ओल आली की कातडं सैल पडतं आणि 'कडाड' म्हणायचं तिथं 'भद्द' म्हणतं. गावाकडं मूठभर पाचट पेटवायचं, त्यावर हलगी फिरवायची, टिचकी मारून बघायची. जास्त तापली तर फाटते, म्हणून नजर हटवायची नाही. १९१२ साली बांधून झालेल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात एकदा हलगी वाजवली, त्यावर आमच्या काकांचा रुबाब अजून चालू आहे.

खोलीवर इंडक्शन. त्याला हलगी हे भांडंच वाटत नाही. घरमालकीणबाईंचा गॅस मागितला. त्यांनी 'कातडं कशाचं?' विचारलं आणि उत्तराला थांबल्या नाहीत. पथकातल्या एका पोरानं सुचवलं, "प्लॅस्टिकचं पान टाक की, आमच्या ढोलांना तेच असतं." काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मग तू बी प्लॅस्टिकचाच हो."

गणपतीची गाणी जुलैतच रेकॉर्ड होतात, म्हणजे भर पावसात. स्टुडिओत काडी ओढायची सोय नाही, जाळ झाला की छतातून आपोआप पाणी पडतं म्हणे. शेवटी फाटकाबाहेर कणसं भाजणाऱ्या मावशी सापडल्या. दर तापवणीला एक कणीस विकत घ्यायचं, असा करार झाला. त्या महिन्यात मी मानधन कमी आणि कणसं जास्त खाल्ली.

आत माइक लावणाऱ्या मॅडम होत्या. हेडफोन माझ्या कानावर ठेवत त्यांनी विचारलं, "बीपीएम किती? मिनिटाला ठोके किती?"

"पैलवान किती तापलाय त्यावर," मी म्हणालो.

आमची लय कुस्तीबरोबर चढते. पकड बसली की हात आपोआप पळतो. इथं कानात नुसती टिकटिक, आणि पैलवान कुणीच नाही. पण त्या हसल्या. मी लगेच मनातल्या मनात मांडव घातला.

पुढच्या वेळी हलगी उतरली तेव्हा त्या बघायला बाहेर आल्या. मी निखाऱ्यांवर हलगी अशी काही फिरवली की काकांनी शाबासकी दिली असती. टिचकी मारली, खणखणीत! वर मीठ-लिंबू जास्त लावलेलं कणीसही पुढं केलं.

"थँक्यू, दादा!"

मावशींनी पंखा थांबवला. "लेकरा, हलगी तापली, पण तू निवलास की रं."

तरी कणीस मॅडमनी संपवलं, आणि जाता जाता म्हणाल्या, "दादा, पुढच्या गाण्याला हलगीच्या जोडीचं ते घुमकं वाद्य हवंय. ओळखीत कुणी आहे?"

घुमकं वाजवणारे गावात तिघं आहेत. त्यातल्या लग्न झालेल्याचाच नंबर दिला.