आठ कोटी वर्षांचा शार्क? छे!

‘पोर्तुगालच्या समुद्रात ८ कोटी वर्षांपूर्वीचा राक्षसी डायनासोर-शार्क जिवंत सापडला! ३०० दात, सापासारखं अंग, इतक्या काळात तसूभरही बदल नाही!’ हा मेसेज अधूनमधून डोकं वर काढतोच. त्यातला मासा खरा आहे. नाव फ्रिल्ड शार्क. २०१७ साली पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अल्गार्व्हच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ७०० मीटर खोलीवर तो जाळ्यात आला. लांबी जेमतेम दीड मीटर, म्हणजे ‘राक्षसी’ इथेच निकालात निघालं.

आता ते ८ कोटी. हे वय माशाचं नाही, त्याच्या वंशाचं. अंटार्क्टिकाजवळच्या जेम्स रॉस बेटावर डायनासोरांच्या काळातल्या खडकांत या वंशाचे दात मिळाले आहेत. पण ते वेगळ्या जातीचे, शास्त्रज्ञांनी तिला ‘थॉमसोनी’ म्हटलं. आजची जात ‘अँग्विनियस’, प्राणिशास्त्रज्ञ सॅम्युअल गार्मनने १८८४ साली नोंदवलेली. खापरपणजोबाचा जन्मदाखला पणतूच्या नावावर खपवण्यातला हा प्रकार.

आणि ‘तसूभरही बदल नाही’ हे ठरवलं कुणी? शार्कचा सांगाडा कूर्चेचा. तो सहसा टिकत नाही, मागे राहतात ते मुख्यतः दात. गळ्याखाली जुळणारी कल्ल्यांची झालर ८ कोटी वर्षांपूर्वी कशी होती, ते दातांवरून कसं सांगणार?

३०० दात मात्र खरे. सुमारे २५ ओळी, प्रत्येक दाताला सुईसारखी तीन टोकं, सगळी आत वळलेली. तोंडात आलेला बुळबुळीत माकूल (स्क्विड) निसटू नये म्हणून. माणसाला धोका म्हणाल, तर तितक्या खोल पोहायला जातंय कोण!

सोबत फिरणारी वळवळत्या शार्कची क्लिप बहुधा पोर्तुगालची नसतेच. ती २००७ सालची, जपानच्या अवाशिमा मरीन पार्कमधली. उथळ पाण्यात आलेली ती मादी काही तासांतच मेली. लोक ‘जिवंत राक्षस’ म्हणून पाहतात तो एक मरणासन्न मासा आहे.

खरं नवल मेसेजमध्ये नाहीच. जपानच्या सुरुगा उपसागरातल्या माद्यांवरून संशोधकांनी गर्भकाळाचा अंदाज काढला: सुमारे साडेतीन वर्षं. हत्तिणीचा २२ महिने. त्यात एका वेळी पिल्लं सरासरी सहा. इतक्या संथ पैदाशीला खोल समुद्रातली ट्रॉल जाळी (बोटीमागे ओढली जाणारी) परवडणारी नाहीत. अल्गार्व्हचा तो शार्कही ‘नको असलेली मासळी जाळ्यात येऊ नये’ यासाठी काम करणाऱ्या युरोपीय प्रकल्पाच्याच जाळ्यात सापडला होता.